पेगचा हिशेब, पोट्ट्याचा नाही

दिवाळीत अमरावतीला घरी गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडतं. सांगणारा कधी काका असतो, कधी शेजारचे निवृत्त मास्तर, कधी एखादा नगरसेवक. "कोन म्हनते वऱ्हाड गरीब हाय? रहाटगावच्या बायपासले जाऊन पाह्य. रविवारी बसाले जागा भेटत नाही." यावर सगळे माना डोलवतात. मीही कित्येक वर्षं डोलवली. इतकंच नाही, तर इंजिनिअरिंगच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी विदर्भाच्या मागासलेपणाबद्दल लिहिलं, की मी त्याला बायपासवरच्या नव्या फॅमिली रेस्टॉरंट अँड बारचे फोटो पाठवायचो. खाली लिहायचो, 'हे बघ, प्रत्येकी वीस पोरांना रोजगार.'

2024च्या दिवाळीत माझा हा युक्तिवाद माझ्या मावसभावाने मोडून काढला. तो मूर्तिजापूर तालुक्यातला. बी.ए. झालेला, घरी तीन एकर कोरडवाहू. बडनेऱ्याच्या पुढे महामार्गावर एका परमिट रूममध्ये वेटर आहे. मी त्याला सहज म्हटलं, "धंदा जोरात दिसतो तुमचा. मालकानं चार पोरं वाढवली म्हणे." तो हसला.

"दादा, तुले काय वाटते, गिऱ्हाईक वाढले म्हनून वाढवले? सोयाबीनचा भाव पडला म्हनून वाढवले. मागच्या साली पोट्टे बारा हजार मांगत होते, औंदा नऊवर राजी हायेत. सस्त्यात भेटून रायले, तं ठेवले."

मी दिवसभर डेटाशी खेळून पोट भरणारा माणूस. एखादा आकडा वाढला तर तो का वाढला हे आधी विचारायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. सर्व्हरवरचा ताण वाढला म्हणजे ग्राहक वाढले असं नसतं. कधी कधी आतमध्ये काहीतरी फुटलेलं असतं. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवतो. स्वतःच्या गावाच्या बाबतीत मात्र तो धडा मला माझ्या वेटर भावाने शिकवला.

त्याने त्या वर्षी पंधरा क्विंटल सोयाबीन 4,100 रुपयांनी विकलं. केंद्राने जाहीर केलेला हमीभाव 4,892 होता. फरकाचा गुणाकार केला तर बारा हजारांच्या जवळ जातो, म्हणजे वेटरच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. हमीभाव खरोखर मिळाला असता, तर तो आणि त्याच्यासारखे कितीतरी पोट्टे त्या नोव्हेंबरात मालकाच्या दारात नऊ हजारांवर उभे राहिले नसते. किंवा उभे राहिले असते, पण तेरा मागितले असते.

तेव्हा मुद्दा असा, की हॉटेलात आणि बारमध्ये काम करणाऱ्यांची संख्या हा प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा निदर्शक आहे हे मला मान्य आहे. पण वऱ्हाडात ही संख्या दोन अगदी उलट कारणांनी वाढते. एक, लोकांच्या खिशात पैसा आला, गिऱ्हाईक वाढलं, म्हणून मालकाला माणसं लागली. दोन, शेतातून माणसं बाहेर फेकली गेली, स्वस्त झाली, म्हणून मालकाने ठेवून घेतली. बायपासवरून गाडीतून जाताना दोन्ही सारखीच दिसतात. तोच झगमगाट, तीच गर्दी, तेच युनिफॉर्ममधले पोट्टे. नुसती संख्या बघून 'वऱ्हाड पुढे चाललंय' म्हणणारा माणूस ताप मोजून 'अंगात ऊब आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरसारखा आहे.

आणि इथे तर ती संख्याही आपल्याकडे नाही. आपण भांडतो ते फोटोंवरून.

सरकारकडे काय काय आहे ते बघा. उद्योगांच्या अधिकृत वर्गीकरणात विभाग 56 हा खाण्यापिण्याच्या सेवांचा आहे. त्यात 561 म्हणजे रेस्टॉरंट आणि 563 म्हणजे पेयं देणारी ठिकाणं, बार त्यातलेच. म्हणजे मोजायचं ठरवलं तर कप्पा तयार आहे. पण राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही आकडे येतात तेव्हा हॉटेलं व्यापार, वाहतूक, दळणवळण आणि प्रसारण यांच्याबरोबर एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. माझा मावसभाऊ, मुंबईतली टीव्ही वाहिनी आणि कुठलीतरी मोबाइल कंपनी, सगळे एका ओळीत.

रोजगाराची नियमित पाहणी 2017पासून होते. तिच्या साप्ताहिक व्याख्येत आठवड्यातल्या कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या हॉटेलात पगाराशिवाय कपबश्या विसळणारा पुतण्याही रोजगारात. देशाच्या चित्रासाठी या व्याख्येला कारणं असतील, पण जिल्ह्याचं चित्र तिच्यातून काढता येत नव्हतं. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला जानेवारी 2025 उजाडलं. आर्थिक गणना ही दारोदार जाऊन प्रत्येक धंदा मोजणारी गोष्ट. सहावी 2013मध्ये झाली. सातवीचं काम 2019मध्ये सुरू झालं, गणक फिरले, आणि निकाल बाहेर आलेच नाहीत.

कायद्याच्या बाजूने बघा. 1948च्या जुन्या मुंबई दुकाने अधिनियमात छोट्या हॉटेलालाही नोंदणी लागायची. 2017च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडलं. कळवलं की झालं. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो. 'गेल्या महिन्यात इतके लाख रोजगार वाढले' ही बातमी आपण वाचतो ती बहुतेकदा या निधीच्या खात्यांवरून केलेली असते. आता अकोल्याच्या बसस्टँडजवळचं कुठलंही हॉटेल डोळ्यांसमोर आणा. एक आचारी, त्याच्या हाताखाली एक, भट्टीवर एक, तीन वेटर, मोरीवर भांडी घासणारी एक बाई, गल्ल्यावर मालकाचा भाऊ. आठ माणसं. दहाच्या आत आणि वीसच्या तर कितीतरी आत. वऱ्हाडातला हॉटेलचा धंदा बव्हंशी या आठ माणसांचा आहे आणि कायद्याच्या चाळणीतून तो आख्खा खाली पडतो.

जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी छापलं जातं. त्यात जनावरं असतात. जनावरं मोजली पाहिजेतच, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण रात्री साडेअकराला शेवटचं टेबल पुसणारा माणूस महिन्याला किती कमावतो, तो कुठून आला, मागच्या वर्षी इथेच होता का, हे त्या पुस्तकात सापडणार नाही.

कुणी म्हणेल, असंघटित क्षेत्र आहे, मोजणं अवघड असतं. चहाच्या टपरीबद्दल हे मी ऐकून घेईन, पण परमिट रूमबद्दल नाही. या राज्यात सर्वात बारकाईने मोजला जाणारा धंदा कोणता असेल तर तो दारूचा. परवाना दरवर्षी नव्याने घ्यायचा, त्याची फी भरायची. रोजच्या साठ्याची नोंदवही ठेवायची. बाटली किती आली, किती विकली, किती उरली. निरीक्षक येईल तेव्हा कपाट आणि वही जुळली पाहिजे. जून 2025मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हा वर्षाला 14,000 कोटींची जादा भर पडेल असा अंदाज सांगितला गेला. इतका मोठा अंदाज बांधता येतो, याचा अर्थ खालचा हिशेब पक्का आहे.

त्याच विभागाच्या कागदपत्रांत 'नोकरनामा' नावाची चीज आहे. परवानाधारकाने दारू द्यायला ठेवलेल्या नोकराचा कागद. म्हणजे नावं गोळा करायची वाट सरकारने स्वतःच घालून ठेवलेली आहे. पण ती कशासाठी? तपासणीत गुन्हा लावता यावा म्हणून. त्या कागदांची बेरीज करून 'या महिन्यात अकोला जिल्ह्यात बारमध्ये इतकी माणसं कामाला आहेत' असं एक वाक्य जिल्ह्यासमोर ठेवावं, असं कुणाला वाटलेलं नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर टेबल आहे, रकाना आहे, फक्त कुणी क्वेरी मारलेली नाही.

मालकांचं वेगळं. कर वाढला की त्यांना कामगार आठवतात. 14 जुलै 2025ला करवाढीविरोधात राज्यभर बार बंद ठेवले गेले, तेव्हा लाखो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. प्रश्न खरा होता. पण एरवी त्याच कुटुंबांची नावं हजेरीपटावर नसतात, पगार वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला असतो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत पोट्टा काम सोडू शकत नाही. हॉटेल आणि खानावळींचं काम किमान वेतनाच्या यादीत केव्हाचं आहे. ज्या मालकाला कामगारांच्या नावाने सवलत मागायची आहे, त्याने आधी त्यांच्या पगाराचा कागद दाखवावा.

वऱ्हाडावर हा धंदा एका रात्रीत थांबण्याची वेळ अलीकडच्या काळात दोनदा आली. दोन्ही वेळा काय मोजलं गेलं ते आठवून बघा.

पहिली 1 एप्रिल 2017. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा 220 मीटर. वऱ्हाडातले परमिट रूम महामार्गाला लगडलेले. त्या उन्हाळ्यात सगळीकडे टेप घेऊन मोजणी चालू होती. दार इकडून की तिकडून, रस्ता शहराचा की राज्याचा. पुढे महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली आणि बरेच दिवे पुन्हा लागले. अपघात कमी व्हावेत हा आदेशामागचा हेतू योग्यच होता. पण मीटर मोजले गेले, महसूल मोजला गेला, आणि मधल्या महिन्यांत पोट्टे कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. ते कुठे गेले हे मला माहीत आहे, कारण त्यातला एक माझ्या मावशीच्या घरी परत आला होता. एप्रिल महिना. कापूस वेचून झालेला, मिरगाला दोन महिने अवकाश. शेतात करायला काही नाही अशा नेमक्या वेळी.

दुसरी वेळ फेब्रुवारी 2021. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात सगळ्यात आधी कुलूप लागलं ते आमच्याकडे. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर बंद, अकोल्यातही निर्बंध. पुण्या-मुंबईत तेव्हा हॉटेलं चालू होती. देशाचे आकडे बघितले तर कामकऱ्यांत शेतीचा वाटा 2018-19मध्ये 42.5 टक्के होता, तो 2020-21मध्ये 46.5 टक्के झाला. जगभर अर्थव्यवस्था पुढे जाते तसा हा वाटा घटतो, आपल्याकडे तो वाढला. शेतीत अचानक बरकत आली म्हणून नाही. शहरातून फेकलेल्या माणसाला घ्यायला घर आणि वावर सोडून दुसरं काही नव्हतं म्हणून. अमेरिकेत खाण्यापिण्याच्या जागांमधला रोजगार दर महिन्याला वेगळा छापला जातो, त्यामुळे 2020च्या वसंतात तो जवळपास निम्म्यावर आला हे त्यांना काही आठवड्यांत कळलं. अमेरिका वेटरचं भलं करते असं मी म्हणत नाही. तिथे टिपवर जगणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन 1991पासून ताशी 2.13 डॉलरवर अडलेलं आहे. पण ते अडलेलं आहे हे भांडायला हातात आकडा तरी आहे.

आमच्याकडे अभिमानाचे आकडेही आहेत. जून 2022मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. कामावर 720 माणसं होती हेही छापून आलं. मला त्याचा अभिमान वाटतो, टोमणा नाही मारत. त्या रस्त्यावरून मी तासाभराने लवकर घरी पोचतो. पण त्याच रस्त्याच्या कडेला रोज जेवण वाढणारी, ग्लास भरणारी, भांडी घासणारी माणसं किती, हे मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला ठाऊक नाही.

आता दोन आक्षेप, जे मी स्वतःच पूर्वी घ्यायचो.

पहिला, 'शेतीतून सेवाक्षेत्रात माणसं जाणं म्हणजेच विकास.' पुस्तकात मधे एक पायरी असते, तिचं नाव कारखाना. वऱ्हाडाची नाडी एकेकाळी जिनिंग-प्रेसिंगमध्ये लागायची, आणि मिलचा कामगार हजेरीपटावर होता, त्याला निधी होता, त्याची युनियन होती. अचलपूरची फिनले मिल 2020च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. नांदगाव पेठला वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर 2024मध्ये झालं, तिथे खरोखर कामं निघाली तर मी पहिला टाळ्या वाजवीन. तोवर वावरातून निघालेला पोट्टा मधली पायरी गाळून थेट टेबल पुसायला येतो आणि मिरगाला परत जातो. मेळघाटातला कोरकू पोरगा होळीला परत जातो. श्रावणात गिऱ्हाईक घटलं की मालकच घरी पाठवतो, बिनपगारी. येणं-जाणं चालू राहतं, पण पुढे जाणं होत नाही. आकडेवारीत हा 'सेवाक्षेत्रातला रोजगार' असतो.

दुसरा आक्षेप सोवळ्या लोकांचा. 'बार वाढले म्हणजे वऱ्हाड बुडालं, बंदच करा.' शेजारी चंद्रपुरात 2015मध्ये दारूबंदी झाली आणि 2021मध्ये उठली. लावताना संसारांची गोष्ट झाली, उठवताना महसुलाची आणि चोरट्या दारूची. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्याच. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी लांबून नाही, जवळून बघितली आहेत. पण पिणाऱ्याचं कल्याण आणि राज्याची तिजोरी यांच्यामध्ये ट्रे घेऊन उभा असलेला माणूस दोन्ही बाजूंना दिसत नाही. विकासवाल्याला तो दिवा वाटतो, सोवळ्याला डाग. तो कामगार आहे, एवढंच कुणी म्हणत नाही.

आणि मी? मी पुण्यात राहतो. हिंजवडीच्या आसपास जेवायला गेलो आणि वेटरच्या तोंडून 'काय आणू भाऊ' मधला तो 'भाऊ' ऐकू आला, की विचारतो, कुठला? दर्यापूर, बाळापूर, अंजनगाव. माझ्यासारखाच तो वऱ्हाडातून निघाला, फक्त त्याची डिग्री वेगळी किंवा अर्धी. पुण्याच्या खात्यात तो रोजगारवाढ म्हणून जमा होतो. अकोल्याच्या खात्यात तो कुठेच वजा होत नाही. प्रदेशाचा निदर्शक म्हणतात त्यात ही वजाबाकी धरायला नको?

माझी मागणी फार मोठी नाही. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात तीन रकाने वाढवा. कामाला किती माणसं, त्यांचा पगार किती, आणि त्यातली किती गेल्या वर्षीही इथेच होती. नोकरनाम्यांची बेरीज दर महिन्याला जिल्हावार जाहीर करा. नावं नकोत, नुसते आकडे. हे काम दोन पोरं एका आठवड्यात करून देतील. मी फुकट करून देतो. मग शेजारी सोयाबीन आणि कापसाचे बाजारभाव ठेवा आणि बघा. माणसं वाढली आणि पगारही वाढला, तर बायपासचे फोटो मी स्वतः सगळ्या ग्रुपांवर टाकीन. माणसं वाढली आणि पगार घसरला, तर ती बातमी हॉटेलांची नाही, ती वावराची आहे, आणि ती रोजगार मेळाव्यात नाही तर कृषी खात्यात वाचली पाहिजे.

तोपर्यंत एक गावठी उपाय आहे. तो मावसभावानेच सांगितला. सुगीच्या दिवसांत बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जायचं आणि हॉटेलांच्या दारावरच्या पाट्या बघायच्या. 'वेटर पाहिजे' अशी पाटी महिनोन् महिने टांगलेली असेल, तर समजायचं वऱ्हाडात बरं चाललंय, पोट्ट्यांना दुसरं काही मिळतंय, मालकाला फिरावं लागतंय. पाटी सकाळी लागून संध्याकाळी उतरत असेल, तर हॉटेल कितीही भरलेलं असो, काहीतरी बिघडलं आहे.

मी विचारलं, "तुझ्या हॉटेलवर आहे का पाटी?"

"पाटी?" तो म्हणाला. "मालकानं औंदा पाटी बनवलीच नाही. पोट्टेच येऊन विचारून रायले."

त्या रात्री काका पुन्हा रहाटगावच्या बायपासबद्दल बोलले. या वेळी मी मान डोलवली नाही.